कुलरसमोरची जागा

हे मी रचलेलं नाही.

रचायचं असतं तर अमावास्येची रात्र घेतली असती, स्मशान घेतलं असतं, पांढऱ्या साडीतली बाई घेतली असती. इथं तसलं काहीच नाही. मे महिन्यातली भर दुपार होती. अकोल्याच्या जुन्या शहरातलं माझ्या भावाचं घर होतं. वरण-भात, आंब्याचा रस खाऊन सगळे आडवे झालेले होते.

आणि तरीही...

त्या दुपारी मी माझा भाऊ गमावला. तो जिवंत आहे. रोज स्कूटीवर ऑफिसला जातो. पण मी त्याला गमावलं, हे मी आज स्पष्ट लिहून टाकते.

मी संध्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, एकटी राहते, त्याचं मला काही दुःख नाही. भुताखेताचं कोणी बोलायला लागलं की मी त्याची टिंगल करते. आमच्या घरातले अंगारे-धुपारे आजोबांनी छप्पन साली बुद्धधम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बंद झाले. आवाज म्हणजे कंपन, ते पसरायला माध्यम लागतं, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलींकडून घोकून घेते.

म्हणून तर जास्त राग येतो.

आमची माय, मनकर्णा, भावाकडे अकोल्याला राहायची. तिच्या कानात आवाज यायचा. कुईं... असा बारीक, एकसारखा. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, "आजी, आवाज कुठून येतो? डाव्या कानातून, उजव्या कानातून, दोन्हीकडून, की डोक्यात?"

माय म्हणाली, "पहिले कानात होता. मंग डोक्यात गेला. आता बाहेर हाय."

"बाहेर म्हणजे?"

"घरी. खिडकीपाशी. तथी बसल्यावानी आवाज येते."

डॉक्टर हसले. बहुतेकांना कानात येतो म्हणाले, काहींना डोक्याच्या मधोमध. बाहेरून येतो म्हणणारेही थोडे असतात. धोका काही नाही, घाबरू नका.

माय घाबरली नव्हतीच. ती घरी आली आणि तिनं एकच गोष्ट केली. समोरच्या खोलीत खिडकीपाशी गव्हाची लोखंडी कोठी सरकवून घेतली.

आता वऱ्हाडातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. त्या खिडकीत कुलर होता. अकोल्यात उन्हाळ्यात घरातली सगळ्यात मोलाची जागा कोणती, तर कुलरसमोरची. तिच्यासाठी सख्ख्या भावांची भांडणं होतात. पाहुणा आला की पहिले त्याला तिथं बसवायचं, हा आमच्याकडचा मान. लेक माहेरी आली की तिची खाट तिथं. आणि मायनं तिथं काय ठेवलं? गहू!

"माय गव्हाले हवा घालून राहिली," असं म्हणून आम्ही तिला किती चिडवलं असेल. ती ऐकायची नाही. नातवंडं कोठीवर चढून बसली तर ओरडून उतरवायची. एरवी त्या बाईनं लेकरांवर कधी आवाज चढवला नव्हता.

मग माय गेली. तापाचं निमित्त झालं. धर्मेंद्रच्या मांडीवर तिचं डोकं होतं. मी अमरावतीहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

धर्मेंद्र माझा धाकटा भाऊ. आमचा बाप लवकर वारला, तेव्हा तो शाळेत होता. मीच त्याला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याच्यासाठी प्रणालीसारखी गुणाची मुलगी मीच बघितली. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तो मला किती जवळचा होता, ते कळावं म्हणून सांगते.

माय गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला.

"ताई, माह्या बी कानात कुईं होऊन राहिलं वं. मायसारखं."

मी म्हटलं, "धर्म्या, दुःखानं होते असं. डॉक्टरले दाखव."

त्यानं दाखवलं. कान साफ, पडदा साफ. झोपेच्या गोळ्या दिल्या. काही दिवसांनी म्हणाला, आता कानात नाही, डोक्यात मधोमध वाजतं. बोलणंच बदललं होतं त्याचं. झोप नाही, जेवण नाही. मी दर शनिवारी फोन करायची, धीर द्यायची.

मग एकदम तो त्याबद्दल बोलेनासा झाला. मी विचारलं, "काय म्हणते कान?"

"बरं हाय आता."

आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाला, "ताई, मायच्या पहिल्या स्मृतिदिनाले ये. ये आन् राह्य चार दिवस. तुह्या शाळेले सुट्ट्याच हायेत नं."

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मी गेले. भिक्खूंना बोलावून वंदना झाली, भोजनदान झालं, पाहुणे पांगले. लेकरांना त्यानं आदल्या दिवशीच मामाच्या गावी पाठवलं होतं. मला ते जरा खटकलं. आजीच्या स्मृतिदिनाला नातवंडं नकोत? पण म्हणाला, "लय ऊन हाय ताई, कायले हाल करायचे त्यांचे?"

समोरच्या खोलीत गेले तर खिडकीपाशी कोठी नव्हती.

तिथं खाट टाकलेली होती. स्वच्छ चादर, उशी, बाजूला पाण्याचा तांब्या. कुलर सुरू होता. गार हवा नेमकी उशीवर येत होती.

"हे काय रे?"

"तुह्यासाठी. लेक माहेरी आली, तिले कुलरसमोर नाई झोपवायचं त कोणाले?"

प्रणाली दारातून हसत म्हणाली, "ताई, सकाळपासून स्वतः करून राहिले सगळं. कोठी बी एकट्यानं ओढली. मले हात लावू देल्ला नाई."

माझे डोळे भरून आले. मी बावळटासारखी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

हवा थेट डोक्यावर नको म्हणून मी उशी पायथ्याला घेऊन आडवी झाले. तो म्हणाला, "डोकं तिकडं नको ताई. इकडं कर. इकडं हवा जास्त लागते."

मी उशी पुन्हा होती तिथं ठेवली.

डोळा लागला...

किती वेळ गेला कळलं नाही. जाग आली ती शांततेनं. लाईन गेली होती. कुलर बंद. कुलरच्या गवतातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बाहेर रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही.

आणि दारात धर्मेंद्र उभा होता.

माझ्याकडेच बघत होता. आत येत नव्हता. त्यानं कानात बोट घातलं. काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. कान देऊन काहीतरी ऐकत होता.

मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं... आणि तो हसत होता.

मला वाटलं, मायची आठवण आली. मी उठायला गेले.

"उठू नको!" तो एकदम ओरडला. मग हळू आवाजात, "झोप ताई. झोप तू. लाईन येईन आता."

तो वळला, ओसरीवर सतरंजी टाकून पडला आणि पडल्या-पडल्या घोरायला लागला.

मी छताकडे बघत पडून राहिले. ठिबकणंही थांबलं.

तेव्हा पहिल्यांदा...

कुईं...

डाव्या कानात.

संध्याकाळी चहा घेताना प्रणाली मला हळूच म्हणाली, "ताई, तुमचा पायगुण बापा! आज कितीक महिन्यानं झोपले हे. असे झोपले की हलवून उठवा लागलं."

मी कानात बोट घालून बसले होते. म्हटलं, "कुलरची गार हवा बाधली वाटते मला."

धर्मेंद्र बशीतला चहा पीत होता. त्यानं मान वर केली नाही.

अमरावतीला परत आले. जून गेला, जुलै गेला. आवाज गेला नाही. शाळेत मुलींच्या गलक्यात कळायचा नाही. घरी आले, दार लावलं, पंखा बंद केला की हजर. मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. तोच प्रश्न. डावा, उजवा, दोन्ही, डोक्यात, की बाहेर? मी म्हटलं, "डावा." माझ्या वयाला असं होतं म्हणाले. मला पटलं. विज्ञानाची बाई मी, मला पटायलाच हवं होतं.

गणपती बसले त्या आठवड्यात आवाज कानातून निघाला.

डोक्यात मधोमध आला.

धर्मेंद्रला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रणाली म्हणायची, "कामात हायेत ताई, करतीन तुमाले." त्यानं केला नाही. ज्याला मी दर शनिवारी धीर दिला, त्याला माझा एक फोन घ्यायला सवड नव्हती. मी त्याचीच बाजू घेत होते तरी. असेल कामात. असेल थकलेला.

मग दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. घरात मी एकटी. सवयीनं कानात बोट घातलं. इतके महिने मी हे करत होते. बोट घातलं की कानातला आवाज वाढतो, कारण बाहेरचं सगळं बंद होतं. कोणालाही विचारा, ज्याच्या कानात वाजतं त्याला हे माहीत असतं.

त्या दिवशी बोट घातलं...

आणि आवाज कमी झाला.

बोट काढलं. वाढला.

पुन्हा घातलं. कमी.

आठवीच्या मुलीला विचारलं तरी ती सांगेल याचा अर्थ काय. आवाज बाहेर होता.

मी उठले. हळूहळू खोलीत फिरले. स्वयंपाकघरात मंद. दाराशी मंद. पुस्तकांच्या कपाटाशेजारी, भिंतीपाशी, जिथे माझी वेताची खुर्ची असते, तिथे स्पष्ट. मी फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकलं तर नुसता बाहेरच्या रिक्षाचा आवाज. तो नव्हताच त्यात.

मग मी वाकून कान नेला. खुर्चीच्या बसण्याशी नाही. जमिनीशी नाही. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर...

मी हात पुढे केला. मोकळ्या हवेत तळवा धरला.

आवाज दबला.

कोणाच्या तोंडावर हात ठेवावा तसा दबला. आणि माझा तळवा ओला झाला. कोमट.

मी हात काढला आणि खुर्ची ओढून दुसऱ्या खोलीत टाकली. त्या जागी पत्र्याची मोठी ट्रंक नेऊन ठेवली, वर जुन्या वह्यांचे गठ्ठे. ते करून घामाघूम होऊन खाली बसले, तेव्हा लक्षात आलं की मी नेमकं मायनं केलं तेच केलं होतं.

मायला माहीत होतं. तिथं बसेल त्याच्याकडे ते जातं, हे तिला कळलं होतं. म्हणून तिनं कोणाला बसू दिलं नाही. आम्ही हसत राहिलो, आणि ती उकाड्यात घाम पुसत, लेकरांना ओरडत, तो आवाज एकटी ऐकत राहिली. मरेपर्यंत.

आणि धर्मेंद्र?

स्वच्छ चादर. पाण्याचा तांब्या. "डोकं इकडं कर ताई."

नाही. मी स्वतःला म्हटलं, नाही. त्याला माहीत नसेल. कोठी अडचण करत होती, सरकवली. बहिणीला हवा लागावी म्हणून खाट टाकली. सख्खा भाऊ आहे. माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय.

जानेवारीत प्रणालीचा फोन आला. मोर्शीला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. जाताना दुपारी माझ्याकडे थांबणार होते. "हे नाई म्हणून राहिले होते, उशीर होते म्हणे. मी म्हटलं, ताईच्या घरावरून जाऊन न भेटता कसं जाता?"

फोन ठेवला आणि मी ट्रंक हलवली. वेताची खुर्ची आणून तिथं ठेवली. त्याला अडकवायचं माझ्या मनात नव्हतं, हे कोणी मानो न मानो. मला एवढंच बघायचं होतं की तो बसायला जातो का. बसायला गेला असता तर मी त्याचा दंड धरून उठवलं असतं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडले असते. कारण मग त्याला माहीत नव्हतं हे ठरलं असतं.

ते आले. प्रणाली जरीच्या साडीत, हातात मिठाईचा डबा. तो तिच्या मागे. उंबऱ्यातच थांबला. तब्येत छान सुधारली होती त्याची. गाल वर आले होते.

प्रणाली पाणी प्यायला आत गेली. मी म्हटलं, "बस धर्म्या."

"बसतो नं."

तो बसला नाही. खुर्चीकडे बघत उभा राहिला. घर शांत होतं. मला आवाज येत होता. त्याला येत नसावा, पण तो कानोसा घेत होता.

"पाय दुखतीन. बस की."

"नाई, गाडीत बसूनच आलो." मग जीभ ओठांवरून फिरवून हळूच म्हणाला, "ताई... आता कुठून येते?"

मी त्याला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. फोनच उचलत नव्हता तो. आवाज बाहेर पडलाय हे त्याला सांगणारं कोणीच नव्हतं.

"तुले काय वाटते, कुठून येत असन?" मी विचारलं.

त्याची नजर पुन्हा खुर्चीवर गेली.

तेवढ्यात प्रणाली पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. "बाई, किती थंड पाणी हाय तुमच्या माठाचं," म्हणत, पदर सावरत, ती सरळ त्या खुर्चीवर टेकली.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी तो झेपावला. त्यानं तिला दंडाला धरून असं ओढलं की पेला भिंतीवर आदळला, तिच्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. ती त्याच्या अंगावर कोसळली. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"काय झालं? विंचू होता का?" प्रणाली घाबरून विचारत होती. मनगटातून रक्त येत होतं.

मी त्याच्याकडे बघत होते.

बायकोसाठी झेपावला. माझी उशी मात्र त्यानं स्वतः ठेवली होती.

प्रणालीला मी आत हळद लावायला पाठवलं. मग विचारलं, "तुले कोणी सांगतलं होतं?"

"मायनं. जायच्या आधी." त्याची नजर फरशीवर होती. "म्हणे, तथी कोणाले बसू देजो नको. जो बसन त्याच्यासंग जाते. तू सांभाळजो, म्हणे."

माय जपायला सांगून गेली. त्यानं त्यातून एवढंच घेतलं, की सुटका कशी होते.

"अन् मंग मले काहून झोपवलं रे?"

तो रडायला लागला. पण रडत रडत जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"माह्या घरी लेकरं हायेत ताई. तुह्या घरी कोण हाय? तू एकटीच राहतेस."

मी त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. खाली बसून फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे वेचायला लागले. त्यानं सगळा हिशेब करून ठेवला होता, आणि त्या हिशेबात मी कोणीच नव्हते.

ते मोर्शीला निघून गेले. प्रणालीला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. खुर्ची मोडकी वाटली म्हणून ओढलं, असं तो तिला म्हणाला, आणि मी गप्प बसले.

मी खुर्ची उचलायला गेले. आणि थांबले.

शांत होतं.

कानात बोट घातलं. काढलं. कपाटाशी गेले, भिंतीशी गेले, हवेत हात फिरवला. काही नाही. शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला कितीतरी महिन्यांनी ऐकू आली.

खरं सांगते, मला आनंद झाला. घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून. आणि मी हसत होते. ते लक्षात आलं तेव्हा मी आरशासमोरून बाजूला झाले.

ती किती टेकली होती? अर्धा क्षण. पुरी बसलीसुद्धा नव्हती. मी स्वतःला हेच सांगत राहिले.

धर्मेंद्र आता मला दर रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो, शाळेचं विचारतो, आणि शेवटी आवाज बारीक करून, "आता कुठून येते ताई?" काळजी म्हणून नाही. माझ्याकडेच आहे ना, एवढी खात्री करायला. मी म्हणते, "तथंच हाय." तो सुस्कारा सोडतो. मला तो ऐकू येतो. प्रणालीनं एकदा कानाचं विचारलं, तेव्हा तिला मात्र मी बोलून गेले होते की बरा झाला, पण याला सांगू नकोस.

काल संध्याकाळी प्रणालीचा मेसेज आला. मी तो अजून उघडाच ठेवलाय. उत्तर दिलेलं नाही. तिनं लिहिलंय की यांना सांगू नका, उगाच घाबरतील. लग्नाहून आल्यापासून, टीव्ही बंद केला, लेकरं झोपली की बारीक आवाज येतो. धाकटी तिच्या कुशीत झोपते. तिला विचारलं तर तिला येत नाही म्हणते.

शेवटी लिहिलंय...

"ताई, मले डाव्या कानात येते. तुमचा कसा बरा झाला, थे सांगा नं."